पार्ट महिन्यातून एकदा बाहेर जातो, ड्रॉइंग रोज जातं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हाला ताडता येईल. भोसरीत तुमचं १६ माणसांचं युनिट आहे. चार व्हीएमसी (उभ्या मिलिंग मशीन), दोन टर्निंग सेंटर आणि गेल्या वर्षी कर्ज काढून घेतलेलं, पाच अक्षांवर चालणारं एक फाइव्ह अ‍ॅक्सिस. आजवर सगळं काम गाड्यांचं होतं. आता संरक्षण क्षेत्रातली दोन कामं चालून आलीत. पहिलं बंगळुरूच्या एका कंपनीमार्फत आलेलं, अमेरिकन ग्राहकासाठी अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग. त्या ड्रॉइंगच्या कडेला निर्यात नियंत्रणाचा इशारा छापलेला आहे आणि सोबत सही करायला सहा पानी हमीपत्र आलंय. दुसरं काम युरोपातल्या एका कंपनीकडून थेट. तोफेच्या ब्रीचमधली (गोळा भरायच्या मागच्या भागातली) एक स्टीलची रिंग फोर्जिंगवरून, म्हणजे ठोकून घडवलेल्या तुकड्यावरून, रफ टर्निंग करून पाठवायची, फिनिश ते तिकडे करणार. तुमचा सीएचए, म्हणजे सीमाशुल्काचे कागद करणारा एजंट, म्हणतो की रिंगला मालाच्या वर्गवारीचा ७३२६ हा साधा एचएसएन कोड लावू, माल अर्धवटच आहे, परवान्याची गरज नाही. तुम्ही विचारलंय, परवाना लागतो का, आणि लागत असेल तर तो कोणी काढायचा.

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. तुम्ही शिपिंग बिलाचा विचार करताय, म्हणजे पार्ट देशाबाहेर जातो त्या दिवसाचा. पार्ट महिन्यातून एकदा बाहेर जातो. ड्रॉइंग मात्र रोज जातं: प्लेटिंगवाल्याकडे, गेज (माप तपासायचं साधन) बनवणाऱ्याकडे, मशीनचा कॅम प्रोग्रॅम बाहेरून करून देणाऱ्या मुलाकडे, व्हॉट्सअ‍ॅपवर. बावीस वर्षं या धंद्यात क्वालिटीपासून सुरुवात करून पुढे निर्यात नियंत्रणाचंच काम बघतोय. या काळात मी जेवढे घोटाळे पाहिले, त्यातले बंदरावर झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे कागदाचे होते.

तरीही आधी रिंग घेतो, कारण तिथलं उत्तर सरळ आहे.

भारतात निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी स्कोमेट नावाने ओळखली जाते. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली विदेश व्यापार महासंचालनालय (डीजीएफटी) ती काढतं. एचएसएन कोड कर आणि सीमाशुल्कासाठी असतो. स्कोमेटची नोंद वस्तू काय आहे आणि कशासाठी बनवली आहे यावर ठरते. एकाच एचएसएनखाली बागेच्या फाटकाचं कडंही येऊ शकतं आणि तोफेची रिंगही. म्हणून 'कोड साधा आहे' हा परवाना न लागण्याचा पुरावा होत नाही. शिवाय शस्त्रांच्या भागांसाठी ९३०५ हे वेगळं शीर्षक आहे, तेव्हा या रिंगला ७३२६ लावणं हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. सीएचएला दोष देत नाही, त्याने पार्ट पाहिलेला नाही. पण शिपिंग बिलावर निर्यातदार म्हणून नाव तुमचं असतं.

स्कोमेटचा सहावा प्रवर्ग २०१७ पासून लष्करी सामग्रीचा आहे. शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या आंतरराष्ट्रीय वासेनार व्यवस्थेच्या शस्त्रयादीशी तो जुळतो आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारत त्या व्यवस्थेचा सदस्यही झाला. या प्रवर्गात ६ए००२ खाली मोठ्या कॅलिबरच्या तोफा आणि त्यांच्यासाठी खास बनवलेले घटक येतात. 'माल अर्धवट आहे' या युक्तिवादाला उत्तर त्याच यादीत ६ए०१६ वर आहे: तोफा, दारूगोळा, लष्करी वाहनं, विमानं वगैरेंसाठी खास बनवलेली फोर्जिंग, कास्टिंग आणि अपूर्ण अवस्थेतले भाग. धातूची घटकरचना, आकार किंवा काम यांवरून तो भाग ओळखता येत असेल तर तो नियंत्रणाखाली. तुमच्या रिंगचं रफ टर्निंग झाल्यावर तिच्याकडे पाहून जाणकार माणूस ती कशाची आहे ते सांगू शकेल ना? मग ती अर्धवट असणं तुम्हाला वाचवत नाही. फोर्जिंग आणि मशीनिंग करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही एक नोंद तरी पाठ करून ठेवावी. अमुक वळणापर्यंत आलेला माल म्हणजे नुसतं लोखंड, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर आहे.

तेव्हा रिंगसाठी परवाना लागेल असं धरून चाला. तो तुम्हीच काढायचा, कारण निर्यातदार तुम्ही. सहाव्या प्रवर्गाचा परवाना डीजीएफटी देत नाही, संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. अर्ज पूर्णपणे ऑनलाइन आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, तर हवाच. त्यासोबत खरेदीची ऑर्डर, पार्टची तांत्रिक माहिती आणि अंतिम वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे माल कोण कशासाठी वापरणार आणि आम्हाला न विचारता पुढे कोणाला देणार नाही अशी हमी. त्यावर सही कोणाची, हे मालावर अवलंबून आहे. सुट्या भागांना बहुतेक वेळा परदेशी खरेदीदाराची सही चालते, पूर्ण शस्त्रप्रणाली असेल तर तिथल्या सरकारची लागते. ग्राहकाला हे पहिल्याच बोलण्यात सांगा. ऑर्डर घेऊन, फोर्जिंग मागवून, मग अर्ज करायचा आणि माल तयार होऊन रॅकवर धूळ खात पडायचा, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय. किती दिवस लागतील ते देश आणि माल यांवर ठरतं, म्हणून डिलिव्हरीची तारीख 'परवाना मिळाल्यापासून इतके आठवडे' अशीच लिहून घ्या. चांगली गोष्ट ही की तोच माल त्याच ग्राहकाला पुन्हा जाणार असेल तर पुढच्या वेळी प्रक्रिया बरीच हलकी होते.

काहीजण तुम्हाला खुल्या सामान्य परवान्याचं नाव सांगतील. २०१९ मध्ये तो सुरू झाला. तेव्हा तो ठरावीक देशांपुरता होता, जसे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान. त्यातल्या वस्तू मुख्यतः स्फोटक नसलेले दारूगोळ्याचे भाग, शस्त्रांचा मारा नियंत्रित करणारी उपकरणं आणि अंगावर घालायची संरक्षक साधनं अशा होत्या. एकदा मिळाला की मुदतीत प्रत्येक खेपेला वेगळा अर्ज नको, पण दर तिमाहीला केलेल्या निर्यातीचा हिशोब द्यावा लागतो. अशा याद्या सुधारत राहतात, म्हणून आजची यादी तुमच्या रिंगवर लागू पडते का ते अर्जाआधी स्वतः वाचा. माझ्या मते पहिल्या ऑर्डरला साधा परवानाच काढावा. त्या अर्जाच्या निमित्ताने तुमचे कागद आपोआप शिस्तीत येतात.

एक बाजू अजून राहिली. तो युरोपियन ग्राहक तुम्हाला ड्रॉइंग पाठवतो, तीही त्याच्या देशातून झालेली तंत्रज्ञानाची निर्यात असते. तो जर्मन असेल तर त्याला तिथल्या बाफा या कार्यालयाकडून मंजुरी लागू शकते. 'ड्रॉइंग पाठवायची परवानगी तुमच्याकडे आहे का' हे ईमेलवर विचारा. यात उद्धटपणा काही नाही, उलट जाणती कंपनी तुमच्याकडे जास्त आदराने पाहू लागते.

आता हाउसिंग. इथे खरी मेहनत आहे, आणि इथे 'अवलंबून आहे' हा शब्द मला बरेचदा वापरावा लागणार.

हा पार्ट तुम्ही बंगळुरूला पाठवणार, म्हणजे तुमच्या दृष्टीने तो देशांतर्गत पुरवठा आहे. स्कोमेटचा परवाना बंगळुरूची कंपनी बघेल. पण ड्रॉइंग अमेरिकेतून आलंय आणि अमेरिकेचा कायदा त्या ड्रॉइंगचा पाठलाग करत तुमच्या शॉपपर्यंत येतो. इशारा नीट वाचा. तिकडे दोन वेगळ्या नियमावल्या आहेत. आयटार ही परराष्ट्र खात्याची, शस्त्रास्त्रांच्या यादीसाठी. ईएआर ही वाणिज्य खात्याची, नागरी आणि लष्करी असा दुहेरी उपयोग असलेल्या वस्तूंसाठी. २०१३ पासून अमेरिकेने लष्करी वस्तूंचे बरेच कमी संवेदनशील भाग आयटारमधून काढून ईएआरच्या ६०० मालिकेत टाकले. त्यामुळे दिसायला सारखी दोन हाउसिंग दोन वेगळ्या कायद्यांखाली असू शकतात. कोणतं कुठे, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि पार्ट पाहून ठरवताही येत नाही. ते सांगणं ग्राहकाचं काम आहे.

म्हणून बंगळुरूच्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. हा पार्ट कोणत्या नियमावलीखाली आणि कोणत्या नोंदीखाली येतो? ड्रॉइंग भारतात कोणत्या मंजुरीवर आलंय, आणि त्या मंजुरीच्या अटी काय? आमच्यापुढे आणखी कोणाला काम द्यायची मुभा त्या मंजुरीत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत हमीपत्रावर सही करू नका. त्या सहा पानांत बहुधा एक वाक्य असं असेल की पुरवठादार ही माहिती पूर्वपरवानगीशिवाय कोणाही त्रयस्थाला देणार नाही. सही केलीत आणि दुसऱ्या दिवशी धातूवर संरक्षक थर चढवणाऱ्या अ‍ॅनोडायझिंगवाल्याला पीडीएफ पाठवली, की तुम्ही स्वतःच्या सहीनिशी अट मोडली.

मंजुरीचा प्रकार कळला की बरंच चित्र साफ होतं. आयटारमध्ये अमेरिकन कंपनीला परदेशात फक्त पार्ट बनवून घ्यायचे असतील तर त्यासाठी १२४.१३ हे कलम आहे. त्याखाली माहिती फक्त त्या ऑर्डरपुरती वापरायची, त्याच देशातले उपकंत्राटदार सोडून कोणाला द्यायची नाही, त्यांच्या करारातही त्याच अटी उतरवायच्या, ऑर्डर संपली की सगळी तांत्रिक माहिती परत करायची किंवा नष्ट करायची, आणि माल फक्त अमेरिकेतल्या ग्राहकाकडे किंवा अमेरिकन सरकारकडेच जायचा. म्हणजे या मार्गाने काम आलं असेल तर तुमच्या भोसरीतल्या अ‍ॅनोडायझिंगवाल्याला ड्रॉइंग देता येतं, पण त्याच्याशी लेखी करार करूनच. काम उत्पादन परवाना कराराखाली आलं असेल तर मात्र पुढे कोणाकोणाला देता येईल ते त्या करारातच पाहावं लागतं. आणि पार्ट ईएआरच्या ६०० मालिकेतला असेल, तर २०१८ मध्ये अमेरिकेने भारताला परवान्यात दिलेल्या सवलतीचा मार्ग वापरला जाऊ शकतो. त्यात माल किंवा माहिती घेणाऱ्याकडून आधी एक निवेदन सही करून घेतात. तुमच्या सहा पानांत तेही असू शकेल, तपासा.

आता तुमच्या शॉपमध्ये या. २०१६ च्या सुमाराची एक गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. चाकणच्या एका युनिटमध्ये मी क्वालिटी बघत होतो. अमेरिकन ग्राहकाचा असाच पार्ट होता. त्यात एका खास प्रोफाइलच्या थ्रेडसाठी गेज लागणार होता. परचेसच्या मुलाने पूर्ण ड्रॉइंगची पीडीएफ, ग्राहकाच्या नावाच्या चौकटीसकट, तीन गेजवाल्यांना कोटेशनसाठी पाठवली. त्यातल्या एकाने ती आणखी पुढे पाठवली. पंधरा दिवसांनी कोटेशन आलं, सोबत आमचंच ड्रॉइंग, आणि त्यावर चिनी अक्षरांत शेरे. चीन हा आयटारखाली संपूर्ण मनाई असलेल्या देशांपैकी एक. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, ऑटोच्या कामात तो वर्षानुवर्षं हेच करत आला होता. ग्राहकाला आम्ही त्याच संध्याकाळी कळवलं. त्याने तिकडच्या खात्याकडे स्वतःहून निवेदन दिलं. आमच्याकडे चार महिने एकही नवं ड्रॉइंग आलं नाही आणि त्या जातीचे पार्ट कायमचे गेले. पण बाकीचं काम टिकलं. लपवलं असतं तर तेही गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यानंतर आम्ही एक सवय लावली आणि ती मी आजही सगळ्यांना सांगतो: बाहेर जाणारा प्रत्येक कागद आपण स्वतः काढायचा. गेजवाल्याला गेजचं ड्रॉइंग, प्लेटिंगवाल्याला पृष्ठभाग, जाडी आणि झाकायच्या जागा, फिक्स्चरवाल्याला फक्त पकडायच्या जागा. ग्राहकाची पीडीएफ आपल्या सर्व्हरवरून हलत नाही. यानेही पूर्ण सुटका होत नाही. साधा एम१२ चा थ्रेड ही कोणाचीच गुपित माहिती नाही, पण पार्टचं खास प्रोफाइल आपल्या कागदावर उतरवलं म्हणून ते आपलं होत नाही. तिथे परवानगी लागतेच. पण असे प्रसंग दहातून एकावर येतात, आणि त्या एकाकडे नीट लक्ष देता येतं.

माणसांचाही विचार करावा लागतो, आणि तो माणुसकीनेच करावा. आयटारमध्ये परदेशी कंपनीतल्या तिसऱ्या देशाच्या नागरिकाला माहिती दाखवणं हाही वेगळ्या अटींचा विषय आहे. आपल्याकडे अनेक शॉपमध्ये नेपाळी माणसं आहेत, कोणी वॉचमन, कोणी वर्षानुवर्षं मशीनवर. त्यांना काढायचं नाही. ग्राहकाला आधी सांगायचं, त्यासाठी असलेली तरतूद वापरायची, आणि ती होईपर्यंत त्या पार्टच्या मशीनचं काम वेगळं ठेवायचं. तसंच कंट्रोलरच्या सर्व्हिससाठी परदेशातून कोणी दूरस्थ जोडणी घेणार असेल, तर त्या वेळी प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग त्या संगणकावर नसावेत. मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे जी-कोडमध्ये, पार्टचा आकार असतो, हे आपण विसरतो.

ईमेल आणि क्लाउडबद्दल एवढंच: ग्राहकाने स्वतःचं पोर्टल दिलं असेल तर तेच वापरा, फाइल उतरवून घेतली की एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या तीन माणसांना दिसेल अशी. मशीनजवळ छापील प्रत लागतेच. तिच्यावर क्रमांक घाला आणि शिफ्ट संपली की कपाटात.

भंगाराकडे कोणी बघत नाही. रिजेक्ट झालेलं हाउसिंग आकाराने पूर्ण पार्टच असतं. ते तसंच भंगारवाल्याला गेलं तर तुम्ही नियंत्रित वस्तू रस्त्यावर सोडली. ओळखू न येईल असं कापा, फोटो काढा, रजिस्टरला नग लिहा. बनवलेले, पाठवलेले, कापलेले आणि शिल्लक यांची बेरीज जुळली पाहिजे. ऑडिटला आलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात आधी हीच बेरीज करतो.

तुमच्या फाइव्ह अ‍ॅक्सिसबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. अशा अचूक मशीनही जगभर नियंत्रित आहेत आणि घेताना तुम्ही बहुधा वापराच्या जागेचं हमीपत्र दिलं असेल. काही जपानी मशीन तर जागेवरून हलवल्या की स्वतःला कुलूप लावतात आणि उत्पादकाकडून उघडून घ्याव्या लागतात. उद्या चाकणला शिफ्ट व्हायचं किंवा मशीन परदेशात विकायचं ठरलं, तर ते आधी कळवा.

आणि जर्मनीच्या प्रदर्शनाला बॅगेत नमुना घालून नेणार असाल तर थांबा. फुकटचा असला, परत आणायचा असला, तरी ती निर्यात आहे. लॅपटॉपमधलं ड्रॉइंगही तसंच.

दंडाबद्दल घाबरवायचं नाही, पण माहीत असावं. विदेश व्यापार कायद्याखाली दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकन कायद्यात फौजदारी गुन्ह्याला एकेका उल्लंघनामागे १० लाख डॉलरपर्यंत दंड आणि २० वर्षांपर्यंत कैद आहे. छोट्या शॉपला प्रत्यक्षात जे आधी भोगावं लागतं ते म्हणजे मंजूर पुरवठादारांच्या यादीतून नाव जाणं, आणि ते परत येणं फार अवघड असतं.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या आकाराच्या युनिटला यासाठी वेगळा विभाग नको. एक जबाबदार माणूस ठरवा, शक्यतो क्वालिटीतला, कारण त्याला नाही म्हणायची सवय असते. त्याच्याकडे एक रजिस्टर: कोणतं ड्रॉइंग, कोणती रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), कोणत्या मंजुरीवर आलं, कोणाकोणाला दिलं, कधी परत आलं किंवा नष्ट केलं. निर्यातीची कागदपत्रं किमान पाच वर्षं जपा. नवी चौकशी आली की कोटेशन देण्याआधी तीच तीन लेखी उत्तरं. मी पाहिलेल्या चांगल्या शॉपमध्ये याहून फार काही नव्हतं, फक्त ते रोज होत होतं.

शेवटी, तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला खटकली. हाउसिंगच्या चौकशीसाठी तुम्ही दोन प्लेटिंगवाल्यांकडून दर मागवलेत, असं ओघात लिहिलंय. ते दर ड्रॉइंग पाठवून मागवले असतील तर सहीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी हे निस्तरा. त्या दोघांना आज फोन करा, फाइल कोणाला पुढे दिली का ते विचारा, पुसायला सांगा आणि पुसल्याचं लेखी घ्या. मग बंगळुरूच्या कंपनीला साध्या शब्दांत ईमेल लिहा: कोणतं ड्रॉइंग, कोणती रिव्हिजन, कोणत्या तारखेला, कोणाला, कशातून पाठवलं, पुढे गेलं की नाही, आणि आता काय केलं. कारणं लांबवू नका, माफी एका ओळीत मागा. ते पुढे अमेरिकन ग्राहकाला कळवतील, आणि स्वतःहून कळवण्याची तरतूद तिकडच्या नियमातच आहे.